आधी दवाखाना चालवा, मग बांधा: गावासाठी आरोग्यकेंद्राचं नियोजन

आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या तासगावच्या पूर्वेला, द्राक्षपट्ट्यात. शेजारच्या एका गावात उपकेंद्राची इमारत आहे. बाहेरून पिवळा रंग, पुढं शहाबादी फरशी, भिंतीवर लसीकरणाचं चित्र. चार वर्षं तिथं कुणी बसलंच नाही. इमारतीला पैसे मिळाले, पण तिथं बसणाऱ्या माणसांच्या पदांना मंजुरी मिळाली नाही. दुसऱ्या सुगीला त्या फरशीवर शाळू वाळत पडला होता, आणि कुलपाची चावी कुणाकडं आहे यावर पारावर दोन मतं होती.

आमच्या गावात दवाखान्याचा विषय निघाला तेव्हा सगळे पहिल्यांदा जागेवरच बोलायला लागले. कुणाची जागा, किती गुंठे, नाव कुणाचं द्यायचं. तो फरशीवरचा शाळू डोळ्यांसमोर होता म्हणून आम्ही काही जणांनी उलट्या बाजूनं सुरुवात करायचा हट्ट धरला. म्हणजे आधी दवाखाना चालवून बघायचा आणि विटा नंतर आणायच्या. पुढचं सगळं त्या अनुभवातलं आहे, आणि सांगली-सातारा जिल्ह्यांतल्या कुठल्याही गावाला थोड्याफार फरकानं लागू पडेल.

नेमकं काय मागायचंय?

‘गावाला दवाखाना पाहिजे’ असा ठराव केला की तो फाईलमध्ये जातो आणि तिथंच राहतो. सरकारी आरोग्यसेवेत तीन पायऱ्या आहेत. सपाट भागात 5,000 लोकसंख्येमागं एक उपकेंद्र, 30,000 मागं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 1,20,000 मागं 30 खाटांचं सामुदायिक आरोग्य केंद्र. आपल्याकडं आपण त्याला ग्रामीण रुग्णालय म्हणतो. डोंगरी आणि आदिवासी भागात हेच आकडे 3,000, 20,000 आणि 80,000 आहेत. त्यामुळं पाटण, जावळी, महाबळेश्वर किंवा शिराळ्याच्या चांदोलीकडच्या गावांनी डोंगरी निकष लावून हिशेब करावा. जत-आटपाडीत गावं लांब लांब असली तरी मोजणी सपाट भागाचीच होते, हे मला कधी पटलेलं नाही. पण प्रस्ताव निकषावर चालतो, पटण्या-न पटण्यावर नाही.

आमची लोकसंख्या साडेतीन हजार. एकट्यानं काही जमणार नव्हतं. दोन वाड्या आणि शेजारचं एक छोटं गाव जोडलं तेव्हा कुठं आकडा पाच हजारांच्या वर गेला. चार ठिकाणचे ठराव एकाच आठवड्यात घ्यावेत आणि मजकूर शब्दशः सारखा ठेवावा. एका ठरावात ‘उपकेंद्र’ आणि दुसऱ्यात ‘आरोग्य केंद्र’ असं आलं तर तेवढ्यावरून कागद परत येतो.

कागदाची वाट अशी: ग्रामसभेचा ठराव, मग तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषदेतले जिल्हा आरोग्य अधिकारी आणि तिथून उपसंचालक, आरोग्य सेवा. सांगलीचा कागद कोल्हापूर मंडळात जातो, साताऱ्याचा पुणे मंडळात. पुढं मंत्रालय. ग्रामीण रुग्णालयाचा विषय असेल तर जिल्हा परिषदेत हेलपाटे घालू नका, तो जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतो. आमचे दोन महिने या एका गैरसमजात गेले.

आणि अर्जात दोन मागण्या स्वतंत्र लिहा: संस्थेला मंजुरी आणि पदनिर्मिती. दुसरी मागणी बहुतेक जण विसरतात. शाळू वाळतो तो त्यामुळंच.

हे सगळं व्हायला वर्षं जातात. तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. जवळच्या उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी आठवड्यातून एक दिवस तुमच्या गावात बसावं अशी विनंती करता येते. ग्रामपंचायत किंवा एखादा नोंदणीकृत न्यास भेटीचे डॉक्टर बोलावून बाह्यरुग्ण विभाग चालवू शकतो. आम्ही दोन्ही केलं.

रांगोळीचा नकाशा

सर्वेक्षण म्हटलं की लोक छापील फॉर्म काढतात. आधी आशाताईंची आणि अंगणवाडी सेविकेची रजिस्टरं मागा. गरोदर बाया, लहान मुलं, क्षयाचे रुग्ण, साठीपुढची माणसं, हे सगळं त्यांच्याकडं घरागणिक लिहिलेलं असतं. त्यांना कुणी विचारत नाही एवढंच.

मग शाळेच्या पटांगणात रांगोळीनं गाव काढा. आम्ही एका रविवारी काढलं. गावठाण, ओढा, रस्ते आणि सगळे मळे. आपल्याकडं निम्मं गाव मळ्यात राहतं, आणि ‘गावाचा दवाखाना’ म्हटलं की मळ्यातला माणूस हिशेबातून गळतो. बायकांच्या हातात चिंचोके दिले: ज्या घरात बीपी किंवा शुगरची गोळी चालू आहे तिथं एक, जिथं म्हातारं माणूस एकटं राहतं तिथं दोन. एक मावशी बराच वेळ मूठ तशीच धरून उभ्या होत्या. मग खाली बसून त्यांनी ओढ्यापलीकडच्या एकाच वस्तीवर अकरा चिंचोके ठेवले आणि म्हणाल्या, “पावसाळ्यात हितनं कोण येतंय तुमच्या दवाखान्यात?” ओढ्याला पाणी आलं की ती वस्ती तुटते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दवाखान्याशी त्याचा संबंध कुणी लावला नव्हता. त्या वस्तीला पावसाळ्यात गोळ्या महिन्याऐवजी दोन महिन्यांच्या द्यायच्या, हे तिथंच ठरलं.

रांगोळीवर जे दिसत नाही ते घरोघरी विचारा, पण प्रश्न मोजकेच ठेवा. घरात शेवटचं कोण आजारी पडलं? पहिल्यांदा कुठं गेलात? कशानं गेलात? त्या दिवसाचा रोजगार बुडाला का? ‘तुम्हाला कुठल्या सुविधा हव्यात’ असं विचारू नका. उत्तर एकच येतं: सोनोग्राफी आणि मोठा डॉक्टर. मिरज जवळ असल्याचा हा तोटा. 1894 मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारलं. तेव्हापासून या भागाला, अगदी कर्नाटकाच्या सीमेपलीकडच्या लोकांनाही, आजार म्हटलं की मिरजच आठवते. गावात बीपी मोजून घेणं त्यामुळं कमीपणाचं वाटतं.

लोकसंख्येच्या आकड्यात नसलेली माणसंही मोजा. दिवाळीनंतर ऊसतोड टोळ्या येतात आणि मार्चपर्यंत कोप्या टाकून राहतात. त्यांच्या गरोदर बाया आणि लसीकरण अर्धवट राहिलेली पोरं कुठल्याच गावच्या यादीत नसतात. टोळी आल्याच्या आठवड्यात आशाताईंनी कोप्यांवर जाऊन माता-बाल संरक्षण कार्डं बघायची, असं वार्षिक वेळापत्रकातच लिहून टाका. जतकडं काम करत असाल तर कन्नड बोलणारं माणूस पहिल्या दिवसापासून सोबत हवं.

वेळ पिकावरून ठरते

बाह्यरुग्ण विभाग सकाळी नऊला उघडतो. आमच्याकडची मजूर बाई आठला टेंपोत बसलेली असते आणि सहाला उतरते. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीपासून मण्यांची विरळणी संपेपर्यंत तिला सुट्टी नाही. मग दवाखान्यात कोण येणार? रिकामी माणसं आणि म्हातारी माणसं. पहिल्या महिन्यात आमचं रजिस्टर नेमकं तेच सांगत होतं.

आम्ही आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ केले आणि बाजारच्या दिवशी सकाळची वेळ ठेवली. बायकांची संख्या लगेच वाढली. तुमच्याकडं हिशेब वेगळा असेल. माण-खटावमध्ये मेंढपाळ कधी गावात असतात ते बघा. पाटणच्या डोंगरात शेवटची एसटी किती वाजता परत जाते त्यावर वेळ ठरवा. यात्रा आणि लग्नसराईचे दिवस आधीच कॅलेंडरवर खोडून ठेवा.

तीन महिन्यांची तालीम

समाजमंदिर, तालमीची खोली, शाळेचा रिकामा वर्ग, काहीही चालतं. सामानाची यादी छोटी आहे: टेबल, तीन खुर्च्या, तपासायला लाकडी कॉट, जाड पडदा, बीपी मशीन, ग्लुकोमीटर आणि पट्ट्या, वजनकाटा, थर्मामीटर, हात धुवायला पाणी, सुया टाकायचा बंद डबा. पडद्यावर कंजुषी करू नका. आम्ही पहिल्यांदा साडी बांधली होती, आरपार दिसायचं. दोन बाया तपासून न घेताच परत गेल्या.

खरी मालमत्ता म्हणजे रजिस्टर. नाव-वयाबरोबर चार रकाने पाडा: कुठल्या वस्तीवरून आला, किती वाजता आला, पुढं पाठवलं का, आणि पाठवलं तिथं पोचला का. चौथा रकाना भरायला फोन करावा लागतो, कंटाळा येतो. आम्हाला सगळ्यात उपयोगी तोच पडला. पुढं पाठवलेल्यांतली बरीच माणसं पोचतच नव्हती. कारण विचारलं तर सोबत जायला कुणी नाही, किंवा तिथं गेल्यावर कुठल्या खिडकीला उभं राहायचं ते माहीत नाही. त्यातून महिन्यातून एकदा आठ-दहा जणांना एका गाडीतून एकत्र नेण्याची पद्धत पडली.

तीन महिन्यांनी प्रस्तावाला जोडायला तुमच्याकडं भाषण नसतं, नोंदवही असते. अधिकारी ती उलटून बघतात.

इथं काय करायचं, काय नाही

मोहाला बळी पडू नका. गावच्या केंद्रानं बीपी-शुगरची तपासणी आणि नियमित गोळ्या, गरोदरपणातली तपासणी, लसीकरण, ताप-जुलाब, जखमेची पट्टी आणि वेळेत पुढं पाठवणं एवढं नीट केलं तरी खूप झालं. आयुष्मान आरोग्य मंदिराच्या दर्जाच्या उपकेंद्राला 105 औषधं आणि 14 तपासण्या ठरवून दिलेल्या आहेत. ती यादी मिळवा, आपली तिच्यावरून बेता. बाळंतपणं सुरू करायचा आग्रह लोक धरतील. रात्रंदिवस माणूस नसेल तर नको.

दोन गोष्टी मात्र या भागासाठी मुद्दाम बसवा. पहिली सर्पदंश. शेतीची वीज पाळीनं रात्री येते आणि माणूस बॅटरी घेऊन पाणी पाजायला जातो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही विषारी साप आपल्याकडं आहेत. मण्यार तर जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दुखतही नाही फारसं, सूजही येत नाही, म्हणून घरचे सकाळपर्यंत थांबतात. दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हात किंवा पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही आणि निघायचं. प्रतिविष देणं गावच्या केंद्राचं काम नाही. केंद्राचं काम एवढंच, की प्रतिविष आणि रात्री डॉक्टर दोन्ही नक्की कुठं आहेत हे दर पंधरा दिवसांनी फोन करून विचारायचं आणि फळ्यावर तारखेसह लिहायचं. 108 चा नंबर सगळ्यांना पाठ आहे. गाडीला वेळ लागला तर कुणाची जीप निघेल, हेही त्याच फळ्यावर.

दुसरी गोष्ट, फवारणीतून होणारी विषबाधा. चक्कर, घाम, लाळ, डोळ्याची बाहुली बारीक होणं अशी लक्षणं घेऊन माणूस आला तर कपडे काढून साबणानं अंग धुवायची सोय हवी, म्हणजे बाहेर एक नळ आणि आडोसा. आणि फवारलेल्या औषधाची बाटली सोबत आणायची, ती बघूनच पुढचे डॉक्टर उपचार ठरवतात. ऑक्टोबर छाटणीनंतर पेस्टिंगला, म्हणजे काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावायला वापरतात त्या हायड्रोजन सायनामाइडचं आणि दारूचं वाकडं आहे. त्या दिवशी दारू घेतली तर अंग लालभडक होऊन छाती धडधडते, प्रकार जिवावरही बेतू शकतो. हे द्राक्षपट्ट्यातल्या प्रत्येक केंद्राच्या दारावर लिहिलेलं पाहिजे. आम्ही लिहिलंय. काही जण वाचून हसतात, पण वाचतात.

जागा

फुकट मिळते म्हणून स्मशानाकडची किंवा गावाबाहेरची गायरान जागा घेऊ नका. गायरानाचा वापर बदलून घेणं आधीच किचकट, आणि संध्याकाळी सातला तिकडं एकटी बाई जाणार नाही. शाळा, ग्रामपंचायत, एसटीचा थांबा, यांच्यापासून हाकेच्या अंतरावर बघा. रुग्णवाहिका दारापर्यंत येऊन वळली पाहिजे. आम्ही एक जीप आणि मागं ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर घेऊन वळवून बघितलं. कागदावर छान दिसणारी जागा त्यातच बाद झाली.

कृष्णा-वारणाकाठच्या गावांनी आधी पूररेषा बघावी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांत त्या पाण्याच्या खुणा अजून भिंतींवर दाखवतात. जोतं त्या खुणेच्या वर घ्या. ते शक्य नसेल तर औषधं आणि रजिस्टरं पहिल्या मजल्यावर. पाटणकडं भीती पाण्याइतकीच दरडीची आहे, तिथं डोंगराच्या पायथ्याचा सपाट तुकडा बघून भुलू नका.

दान मिळालेल्या जागेचं नोंदणीकृत बक्षीसपत्र करा, सातबाऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर नाव लागेपर्यंत कुदळ मारू नका. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या घ्या, सासरी गेलेल्या बहिणींच्याही. दात्याचं वय झालं असेल तर ही घाई जरूर करा.

आत खोल्या किती हे अभियंता सांगेल. तुम्ही एवढं बघा: बाहेर सावलीत बसायला जागा, एक मीटर वर चढायला बारा मीटर लांब अशा उताराचा रॅम्प, बायकांसाठी आतून कडी लागणारं संडास, आणि पश्चिमेच्या भिंतीला औषधांचं कपाट नको. एप्रिलमध्ये ती भिंत तव्यासारखी तापते. लस ठेवणार असाल तर 2 ते 8 अंश तापमान सतत राहिलं पाहिजे. लोडशेडिंगचा विचार करून ठेवा, नाहीतर लस सत्राच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रातून डब्यात आणलेलीच बरी.

माणसं

सरकारी उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्य सेविका, आरोग्य सेवक आणि गावात आशा, असा संच असतो. आरोग्य सेविका मुक्कामी राहिली नाही म्हणून गाव बोंब मारतं. पण तिच्या निवासाला पाणी आहे का, दाराची कडी धड आहे का, रात्री बाहेर दिवा लागतो का, हे कुणी जाऊन बघत नाही. आम्ही ग्रामपंचायतीच्या खर्चानं दिवा आणि कंपाउंड केलं, तेव्हा आमच्याकडच्या सेविकेनं आपणहून मुलीला गावच्या शाळेत घातलं.

भेटीचे डॉक्टर बोलावणार असाल तर त्यांची नोंदणी तपासा आणि मानधन ठरल्या तारखेला द्या. “सेवा म्हणून या” असं म्हणून आणलेले डॉक्टर सहाव्या आठवड्याला येईनासे होतात. त्यांची चूक नसते.

पैसा आणि कागद

वहीत दोन पानं करा. एका पानावर एकदाच होणारा खर्च, दुसऱ्यावर दर महिन्याचा: मानधन, औषधं, पट्ट्या, वीज, सफाई, कचरा उचलणारी एजन्सी, दुरुस्ती. पहिल्या पानाला देणगीदार भरपूर, कारण तिथं पाटी लागते. आमदार निधी, जिल्हा नियोजन समिती, कंपन्यांचा सामाजिक निधी, सगळे बांधकाम किंवा यंत्र द्यायला तयार असतात. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांना पाटी लावता येत नाही. म्हणून आम्ही नियम केला: दुसऱ्या पानाचे बारा महिन्यांचे पैसे खात्यात असल्याशिवाय पहिल्या पानावरची एकही वस्तू घ्यायची नाही. एकानं एक्स-रे मशीन देऊ केलं होतं, ते नाकारलं. गावात त्यावरून बरीच बोलणी खाल्ली.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळतो. रक्कम लहान आहे, पण ती कशावर खर्ची पडते ते विचारा; आमच्याकडं एक वर्ष ती नुसती पडून होती.

न्यास काढणार असाल तर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी आणि दरवर्षी हिशेब. रुग्ण दाखल करून खाटा ठेवल्या की 1949 च्या शुश्रूषागृह कायद्याची नोंदणी. सोनोग्राफी आणली की 1994 चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा. औषधं विकायची असतील तर परवाना आणि फार्मासिस्ट. जैववैद्यकीय कचऱ्याचं मात्र एक खाट नसलेल्या दवाखान्यालाही चुकत नाही: 2016 च्या नियमांप्रमाणं प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता घ्या. रक्तानं भिजलेला कापूस पिवळ्यात, प्लास्टिकची नळी-सिरिंज लालमध्ये, सुई पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. आणि 48 तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. उकिरड्यावर सिरिंज सापडली की दवाखान्याची अब्रू त्याच दिवशी जाते.

चालवणार कोण

समितीत निम्म्या बायका घ्या, आणि त्यातली एक तरी मळ्यातली. दर महिन्याच्या ठरल्या तारखेला बसा. अजेंडा तीनच गोष्टींचा: कुठलं औषध संपलं, पुढं पाठवलेल्यांपैकी कोण पोचलं नाही, आणि किती दिवस ठरल्या वेळी दार उघडलं नाही. तिसऱ्याचा आकडा दारावर खडूनं लिहा. आमचा पहिल्या वर्षी एका महिन्यात सहा झाला होता. सगळ्यांना लाज वाटली, पुसायचा आग्रहही झाला. पुसला नाही.

उद्घाटन घ्यायचंच असेल तर केंद्र सुरू झाल्यावर महिनाभरानं घ्या, बाजारच्या दिवशी नको. चाव्या तीन करा: एक आरोग्य सेविकेकडं, एक आशाताईंकडं आणि एक दवाखान्यासमोरच्या घरात, जिथं रात्री कुणीतरी नक्की असतं. तिघांची नावं आणि नंबर दारावर रंगानं लिहा. आमच्या तिसऱ्या चावीचं घर त्या चिंचोके ठेवणाऱ्या मावशींच्या लेकीचं आहे.